निळ्या बादलीतलं शिळं पाणी

६ नोव्हें., बुध.
मासे आले. पाच. ईशाच्या होणाऱ्या सासूबाई, मंजूदी, बराकपूरहून टॅक्सीत मांडीवर पातेलं धरून आल्या. मागून सौम्य, आमचे होणारे जावई, काचेची टाकी उचलून घामाघूम. मं. बंगळूरला थोरल्या लेकीकडे चालल्या, नातीला पहिला भात भरवायला. परत महिनाअखेर, आणि पुढच्या आठवड्यात लग्न.
म्हटलं, सौम्य आहे की घरी. तर म्हणाल्या, "वो खुद खाना भूल जाता है, बेयान." बेयान म्हणजे विहीण. अजून सवय नाही, हाक आली की मीच मागे वळून बघते.
आणि वर: "आपके घर में माछ सबसे सेफ. आपलोग खाते नहीं."
कौतुक की टोमणा, अजून ठरवते आहे. बोलणी झाली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं. लग्नाच्या सकाळी मुलाकडून हळदीबरोबर रोहू मासा पाठवायची यांची रीत. नुसता नाही, साडी नेसवून, नथ घालून. म्हटलं बाकी सगळं करा, मासा माझ्या उंबऱ्याच्या आत नको. मं. "ठीक आछे" म्हणाल्या, पण चेहरा उतरला. आज पाच मासे आत आले, तेही पोहत. माझा नवरा अरविंद दिवसभर हसतोय.

७ नोव्हें.
नावं पाठ. दादू सगळ्यात मोठा, शेपटीला खाच. मं.च्या यजमानांनी, म्हणजे मास्टरमोशायांनी, जायच्या आदल्या वर्षी आणलेला. मं. त्याच्याशी बोलतात म्हणे. बाकीचे लाल्टू, बिल्टू, रानी, मंत्री. लाल्टू-बिल्टू मला एकसारखेच दिसतात, दोघांना दोन्ही नावांनी हाक मारते.
संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "माछ केमोन आछे?" आधी मासे, मग सून, मग वेळ उरला तर विहीण.

१० नोव्हें., रवि.
टाकीचं पाणी बदललं. मं.नी अ.ला बजावून ठेवलंय: थोडंच काढायचं, आणि आदल्या संध्याकाळी बादलीत भरून ठेवलेलं घालायचं. त्याने काल निळी बादली भरून गॅलरीत ठेवली.
असेल त्यांच्याकडे तशी पद्धत. आमच्या आईने जन्मात कधी रात्रीचं पाणी सकाळी वापरू दिलं नाही. हंडा उपडा, चिंचेने लख्ख, मग ताजं. कलकत्त्यात जन्म गेला तरी माझा हात तसाच चालतो. अ. उठायच्या आत बादली तुळशीला ओतली, नळाचं ताजं भरून ठेवलं. पाहुण्यांना कोणी शिळं देतं का? त्याने तेच घातलं, त्याला पत्ता नाही. सांगितलं नाही, उगाच व्याख्यान झालं असतं.
मासे मजेत.

१७ नोव्हें., रवि.
बादली पुन्हा तुळशीला. तुळस काय तरारलीय!
पत्रिका वाटून पाय दुखले. पण घरी आल्यावर दिवा न लावता टाकीसमोर बसले. दादू काचेशी येतो, तोंड उघडतो, मिटतो, जातो. मालिका बघायच्या राहिल्या आणि आठवणसुद्धा झाली नाही. अ. म्हणाला, "देशपांडेबाई, मासे लागले तुम्हाला." लागले तर लागले.

२३ नोव्हें., शनि.
लिफ्टमध्ये कागद लावलाय: गच्चीवरची टाकी धुतली, ब्लीचिंग टाकलं आहे, दोन दिवस पाणी पिऊ नये. नळाला पोहण्याच्या तलावासारखा वास. मला बरंच वाटलं. निदान कधी तरी धुतली!
मं. पुढच्या शनिवारी येणार. उद्या त्यांची माशांची टाकी नीट घासून, सगळं पाणी बदलून आरशासारखी करून ठेवते.

२४ नोव्हें., रवि.
लिहवत नाही.
अ. फिरायला गेला होता. मी टाकी घासली, काठोकाठ ताजं पाणी, मासे सोडले. चहा टाकला. बघते तर सगळे वर येऊन तोंडं उघडताहेत. वाटलं, खूश झाले. चहा गाळेपर्यंत रानी आडवी. मग मंत्री. मग दोघे एकदम, लाल्टू आणि बिल्टू, आणि आता कोण कुठला ते कळून उपयोग काय.
दादू अजून हलत होता. हातात घेतला, तर घालू कशात? नळ तर तोच! बादली मीच सकाळी ओतलेली. देवघरात मं.नी साखरपुड्याला दिलेला गंगेच्या पाण्याचा कॅन होता, लग्नविधीसाठी. फोडला. पुरणाच्या मोठ्या पातेल्यात सगळा ओतला आणि दादूला आत सोडलं. कडेला बसून म्हणत राहिले, जाऊ नकोस रे बाबा, जाऊ नकोस.
अ. आला. पाणी हुंगलं. "ब्लीचिंग. म्हणून तर ठेवायचं असतं रात्रभर, उडून जातं ते. पण मी बादली भरली होती की!"
"निळी?"
"निळी."
"ती मी ओतते. दर रविवारी."
मग म्हणाला, "इतके रविवार ते तगले कसे, हेच आश्चर्य." रागावला असता तर बरं झालं असतं.
चौघांना तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरलं. रडले. चार माशांसाठी, या वयात, या शहरात. खालच्या बोसबाईंना कळलं तर हसतील.
संध्याकाळी दादू पातेल्यात फिरायला लागला.
कॉल आला. फक्त दादू दाखवला. "बाकी सब?" माझ्या तोंडून निघालं, "सो रहे हैं." अ. खोकत खोकत आत गेला.

२६ नोव्हें.
ईशाचं डोकं: "आई, दुसरे आणूया ना तसलेच. त्यांना कळणार पण नाही." सेक्टर फाइव्हच्या ऑफिसमधून येताना दुकान बघूनही आली. मुलीचं मराठी कच्चं, पण लबाडी पक्की. कोणावर गेलीय कोण जाणे.
दुकानात गेले. काचेत शंभर लाल्टू-बिल्टू. घेऊन टाकावे इतकं सोपं. पण पोरीला त्या घरात आयुष्य काढायचंय, आणि मी तिथे पहिलीच वस्तू खोटी पाठवू? रिकाम्या हाताने परत आले.

२८ नोव्हें., गुरु.
सांगितलं. हिंदीत सांगितलं, म्हणजे निम्मं रडून. पलीकडून एवढंच: "दादू?"
"आछे."
श्वास सुटलेला ऐकू आला. "ठीक आछे." फोन ठेवला.
हे तेच, बोलणीच्या दिवशीचं "ठीक आछे".

३० नोव्हें.
मं. आल्या, सौम्यकडून कळलं. ना फोन, ना दादूला न्यायला येणं. लग्न आठवड्यावर, आणि दोन विहिणी गप्प. ईशा माझ्या तोंडाकडे बघते आणि काही विचारत नाही. तिचं ते न विचारणं मला सोसत नाही.

२ डिसें., सोम.
बराकपूरला गेले. एकटीच. विधाननगर स्टेशनवरून लोकल. निमित्त: गंगेचं पाणी हवंय.
मं. दारात. "अरे, पानी तो दिया था."
म्हटलं, ते दादूला दिलं.
"माने?"
मग सगळं सांगितलं. पातेलं, पुरणाचं. कॅन फोडला. विधीला एक थेंब उरला नाही.
आधी डोळे मोठे. मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खाली बसून. "शादी का गंगाजल! दादू को! पूरा?" मास्टरमोशायांच्या फोटोकडे बघून बंगालीत काही तरी म्हणाल्या. मला इतकंच कळलं की त्यांचा दादू आता आम्हा सगळ्यांपेक्षा पवित्र झाला. मग हसता हसता रडल्या. मीही. चहा गार.
निळ्या बादलीचंही कबूल केलं. त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ बासी भात खाते हैं, आपलोग बासी पानी नहीं देते. किसका दोष?"
उठताना मी म्हटलं, "बेयान, रोहू भेजिए."
"आपके घर?"
"माझ्या घरातून चार गेले. एक नटूनथटून येऊ दे." हे मराठीतच निघालं. त्यांना कळलं.
घाटावर दोघी मिळून नवा कॅन भरला.

८ डिसें., रवि.
पहाटेपासून शंख आणि बायकांचं जीभ हलवून उलू-उलू. तबकं आली. मुलाची उष्टी हळद आली, आपल्यासारखीच. आणि आली ती, हिरवी साडी, तोंडात विडा, आणि नाकात मराठी नथ! मोत्यांची, मं.नी स्वतः ओवलेली. एवढा मोठा मासा मी आयुष्यात इतक्या जवळून पाहिला नव्हता. मी उंबऱ्यावर तिला हळदकुंकू लावलं. आई वरून बघत असेल तर बघू दे.
अ.: "उष्टी हळद चालते, नवरीमासा चालतो, शिळं पाणी तेवढं चालत नाही."
दादूच्या टाकीवर मी आधीच टॉवेल टाकला होता. त्याने कशाला बघायचं?
मासा शिजायला बोसबाईंकडे खाली. आख्ख्या जिन्यात मोहरीचा वास. ईशा पिवळीधमक, हसते आहे नुसती. इतकं सुख एका सकाळी मावत नाही. पुरे, गजरे आले.

१० डिसें.
गेली ईशा. टॅक्सी वळली तेव्हा अ. ने माझा हात धरला, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. घर मोठं वाटतंय.
मी मं.ना म्हटलं होतं, दादूला पण घेऊन जा गाडीतून. म्हणाल्या, "अभी रहने दो."
म्हणजे विश्वास, की अजून मनात काही आहे? विचारायचं धाडस झालं नाही.

१५ डिसें., रवि.
पहाटे जाग आली. गॅलरीत निळी बादली, अ. ने काल भरलेली. सवयीने हात कडीला गेला. थांबले. वास घेतला, काहीच वास नाही, वर झाकण ठेवलं. तशीच ठेवली. तुळशीला वेगळं पाणी.
संध्याकाळी मं.चा कॉल. आधी दादू. मग त्यांनी फोन फिरवला, तर ईशा ओट्याशी, केस वर बांधलेले, काही तरी तळत होती. वाळली नाहीये. हसली. मं. म्हणाल्या, "मेयेटा भालो आछे." पोर मजेत. मी म्हटलं, दादूही मजेत.
माझी पोर त्यांच्याकडे, त्यांचा दादू माझ्याकडे.
"कब ले जाएँगी?" विचारलंच शेवटी.
"देखती हूँ. जल्दी है क्या?"
म्हटलं, नाही. मला काही घाई नाही.