वायरलेसवरचा हुकूम

सातारा, सोमवार

प्रिय जोतिबा,

गेल्या आठवड्यात तुझी नात संयोगिता घरी येऊन गेली. कॉलेजच्या अंकात तिला माझी कारकीर्द लिहायची आहे. मी फोटो दाखवले, पदकं दाखवली. सगळं ऐकून म्हणाली, "आवं, आमचं आजोबा तुमच्याच हाताखाली लढलं, पाय घालवला. मग त्यास्नी कायबी कसं मिळालं न्हाई?" मी तिला आणखी चहा विचारला, गड्या.

माझा गणवेश बघून तू वडूजहून भरतीला गेलास. पुढं लढाईत तुझी पलटण माझ्याच ब्रिगेडमध्ये आली, तेव्हा केवढा आनंद झाला होता आपल्याला! त्या डोंगराखाली सकाळी तुमचे कॅप्टन पडले आणि तुकडी तुझ्या, सुभेदाराच्या, हाती आली. वायरलेसवर तू म्हणालास, "साहेब, उजाडलंय, सगळं उघडं हाय. अंधार पडूस्तोवर थांबू." वरून तगादा होता, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. खरी घाई माझीच होती. मी म्हणालो, "आत्ताच चढा." सात पोरं गेली, तुझा पाय गेला. तो डोंगर त्याच रात्री दुसऱ्या तुकडीनं अंधारातच घेतला, तू म्हणाला होतास तसा.

अहवालात मी लिहिलं, सुभेदारानं हुकमाविना चाल केली. चौकशीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तुझ्याजवळ तासभर बसलो, तुझ्या आईची ख्यालीखुशाली विचारली, अहवालाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला काय हवंय ते तुला कळलंच. चौकशीत तू सांगितलंस, "वायरलेस बिघडला हुता. हुकूम ऐकूच आला न्हाई." तुला ठपका ठेवून घरी पाठवलं. मी मेजर जनरल झालो. वडूजला माझी मिरवणूक निघाली, तेव्हा कुबडी सावरत तू मला सॅल्यूट केलास. मी जीपमधून दुसरीकडे बघितलं.

काल सैन्याच्या मुख्यालयाला सगळं खरं लिहून पाठवलं. प्रत सोबत आहे. आता पेपरवाले तुझ्या दारात येतील. त्याआधी माझ्याकडून तुला कळावं. माफी मागायला तोंड नाही. पण त्या सात पोरांच्या घरी मला जायचं आहे, आणि माझ्याकडे एकाचाही पत्ता नाही. इतक्या वर्षांत मी कधी विचारलाच नाही. तू दर दिवाळीला त्यांना पत्र लिहितोस, असं संयोगिता म्हणाली. पत्ते दे, जोतिबा. आणि मन झालं तर सोबत चल. त्या दारांत एकट्यानं उभं राहायची माझी हिंमत नाही.

तुझाच,
मानसिंग