जाळीवरचं हिम

सोमवार
नोकरी लागली! कॉलेज अर्धवट सोडलेल्याला प्रयोगशाळेत कोण उभं करतं, म्हणून आई हिणवत होती. आता म्हणते, स्वेटर घेऊन जा. खरी गंमत तिला ठाऊकच नाही. वरच्या मजल्यावर मायक्रोस्कोपवर ‘ती’ बसते, माझ्याच वर्गातली. मी खाली नमुने गोठवणार, ती वर ते बघणार. रोज!

मंगळवार
लॅबच्या मॅडमनी काम शिकवलं. नखाहून लहान तांब्याची जाळी चिमट्यात धरायची, प्रथिनाचा थेंब सोडायचा, टिपकागदाने टिपायचा आणि खटकन अतिथंड द्रव इथेनमध्ये बुडवायची. पाण्याला बर्फाचे स्फटिक व्हायलाही सवड मिळत नाही, ते काचेसारखं गोठतं. मग जाळी द्रव नायट्रोजनच्या डबीत ठेवताना श्वास रोखायचा. उच्छ्वास लागला की हिम चढतं, नमुना वाया. उसासे टाकायचे ते जिन्यात जाऊन टाक, असंही म्हणाल्या. यांना कुणी सांगितलं?

गुरुवार
तिचा निरोप: सगळ्या जाळ्यांवर हिम. चहा फुंकतोस तसं काम करतोस का, म्हणे. डोकंच फिरलं. त्यात भिंतीवरचा अलार्म सारखा कोकलतो. नायट्रोजन उडून खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की वाजतो. उपटली त्याची वायर.

शुक्रवार
मास्क लावला, श्वास रोखला. तरी हिम. ती म्हणते, सगळं डाव्या बाजूने आलंय. माझ्या खांद्यावरून कुणी वाकून बघत असावं तसं. डावा कान गार पडलाय.

शनिवार
आधीच्या मुलाबद्दल मॅडमना विचारलं. त्यालाही अलार्मचा राग यायचा. याच स्टुलावर बसल्या बसल्या गेला. गुदमरतोय हे त्याला कळलंसुद्धा नाही. वायरचं सांगणार होतो, पण नोकरी गेली तर ती वर आणि मी रस्त्यावर. सोमवारी गुपचूप जोडेन.

सोमवार
वायर जोडायला उठलो, तेवढ्यात तिचा फोन. एक तरी स्वच्छ जाळी दे, मी स्वतः न्यायला येते. स्वतः! आधी जाळी. वायर मग.

डोकं हलकं झालंय. बसलो.

झाली. भिंगाखाली पाहिली. हिमाचा कण नाही.

कानाशी आज कुणी नाही. तो आधीचा मुलगा समोर उभा आहे. स्टूल मला दिलंय त्याने —

श्वास रोखायला विसरलो होतो. मग हिम का नाही —

छातीवर हात ठेवला. काहीच —

जिन्यात तिची पावलं. आत येऊ नको. ओरडतोय, पण ओरडायला श्वा—