पान अकरा

वसतिगृह, खोली ४०६
२२ मार्च

प्रिय डेनी,

तू बरा असशील. गुडघा कसा आहे? ट्रकचा गिअर अजून अडकतो का? इथे बर्फ वितळून सगळीकडे नुसता चिखल झालाय. मी ठीक आहे. साध्या कॉलेजची तीन वर्षं संपत आली, ऑगस्टपासून डॉक्टरीचं सुरू होईल.

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. "कॉलेजनेच तुला सोडलं नाही, रोझ. आता कळतं मला. ईस्टरला घरी ये. अक्रोडाचा रोल मी करतोय, आईसारखा जमला नाही तर हसू नकोस." किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

सतराव्या वर्षी कॉलेजच्या करारावर सही केली तेव्हा सौदा सोपा वाटला होता. त्यांनी डॉक्टरीची जागा आधीच राखून ठेवायची. बदल्यात मी गुणांची सरासरी चारपैकी साडेतीनच्या खाली जाऊ द्यायची नाही, दुसऱ्या कुठल्या मेडिकलला अर्ज करायचा नाही, मध्ये खंड पाडायचा नाही. आईने प्रवेशाचं पत्र फ्रिजवर लावलं आणि गल्लीभर 'आमची डॉक्टर' सांगत सुटली.

इथे वरच्या वर्षाची मुलं पहिल्याच दिवशी कानात सांगतात की ऑफिसला काही विचारायचं नाही, विचारलं की फाईलवर खूण होते. म्हणून आम्ही ताप अंगावर काढतो आणि रडायचं तर बाथरूममध्ये रडतो.

दोन वर्षांपूर्वी, आईच्या आजारपणात, त्या शुक्रवारी तू फोनवर ओरडलास, "रोझ, आई वाट बघतेय, निघ!" मी म्हटलं, सोमवारी रसायनशास्त्राची परीक्षा आहे, सोडत नाहीत. रविवारी ती गेली. मी मंगळवारी पोचले. दफनानंतर चर्चच्या तळघरात, जेवणाच्या रांगेत, सगळ्यांदेखत तू म्हणालास, "डॉक्टरीणबाई आल्या, जागा करा!" त्यानंतर आपण बोललो नाही.

गेल्या आठवड्यात नव्या मुलांच्या स्वागताला मला बसवलं होतं. प्रिसिला नावाच्या मुलीने हात वर केला. "घरी कुणी फार आजारी असलं तर?" मी मनात म्हटलं, संपली ही. पण ऑफिसच्या मिसेस ऑल्ब्राइट म्हणाल्या, "अगं, करारातलं पान अकरा बघ. मला फोन कर आणि सरळ घरी जा. परीक्षा नंतर घेऊ. तुझी जागा कुठे पळून जाते?"

खोलीवर येऊन कराराची माझी प्रत काढली. पान अकरावर हेच सांगणाऱ्या सहा ओळी आहेत. खाली माझी आद्याक्षरं. प्रत्येक पानावर करावी लागतात, मी न वाचताच केली होती.

डेनी, मला कुणीच अडवलं नव्हतं. मी विचारलंच नाही.

आणि आणखी एक. त्या शनिवारी आईने मला फोन केला होता, तुला न सांगता. आवाज अगदी बारीक. म्हणाली, "येऊ नकोस गं, अभ्यास कर. डेनीचं मनावर घेऊ नकोस." मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. मग तिने विचारलं, "पण खरंच सोडणार नाहीत का ते?"

मी म्हटलं, "नाही आई. विचारलं मी."

परीक्षेत ब्याण्णव मिळाले.

तुझ्या कार्डातलं पहिलं वाक्य परत घे. ते माझं नाही. पान अकरा सोबत पाठवते आहे. हे सगळं वाचूनही ईस्टरचं वाक्य शिल्लक राहिलं, तर एवढंच कळव. तोवर बॅग भरत नाही.

आईशी शेवटचं खोटं बोललेली,
तुझी धाकटी बहीण,
रोझलिन