गिरणीत तुला ऐकू यायचं

आई, तुला खरंच ऐकू येत नव्हतं, हे मला आता पटलंय. तू जाऊन एकवीस वर्षं झाली, म्हणजे पटायला जरा उशीरच झाला. तुला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहायला तरी धजावले. समोर असतीस तर एवढंही जमलं नसतं.

तलासरीची ती भाताची गिरणी. दिवाळीनंतर पाड्यापाड्यांतून पोती यायची आणि तू दिवसभर कोंड्यात न्हाऊन निघायचीस, भुवयासुद्धा भुऱ्या व्हायच्या. पट्टा फिरायला लागला की सगळे ओरडूनच बोलायचे, नाहीतर शेजारच्याचंही समजत नसे. मी तेव्हा नववीत होते. एके दिवशी सकाळी घरात तुला तीन हाका मारते, वही कुठे ठेवलीस म्हणून. तू चुलीपुढे पाठमोरी बसलेली, ढिम्म. मी पाय आपटत शाळेत जाते. दुपारी घराची किल्ली मागायला गिरणीच्या दारात येऊन दहा पावलांवरून ओरडते आणि तू लगेच मान वळवून कनवटीची किल्ली काढतेस. वर म्हणतेस, "एवढी कशाला ओरडतेस, येतंय ऐकू."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे घरी सोंग करतेस! तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं," मी सगळ्यांसमोर म्हणाले. पाखडायला बसलेल्या बाया हसल्या. त्यातली एक म्हणाली, "मी तं कवाची सांगते, बहिरी मानसं वरडून बोलतात. ही बघा कशी हलू बोलते." आणि ते खरंच होतं, तू फार हळू बोलायचीस. तू हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडे बघत राहिलीस. एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं.

त्यानंतर तू "काय गं म्हणालीस?" असं पुन्हा कधी विचारलं नाहीस. कोणी काही बोललं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो, हो." पाहुणे विचारायचे मुलगी कितवीला, तू म्हणायचीस हो, हो. आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. मागच्या पडवीत कुशीवर पडून लसणीचं तेल कानात घालून घेताना मी तुला पाहिलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा. सोंग करणारी बाई कुणी बघत नसताना कानात तेल कशाला घालील, एवढं साधं मला सुचलं नाही. की सुचू दिलं नाही, कोण जाणे.

माझे कान दोन हजार चौदाच्या सुमारास जायला लागले. मी डहाणूत ब्लाउज शिवते, हे तुला ठाऊक नाही. गिऱ्हाइकानं बाही सहा सांगितली की मी दहा लिहायची, मग उसवत बसायचं. गंमत म्हणजे मशीन चालू असताना बायका बोलल्या तर समजायचं, मशीन थांबवली की सगळं पुसट. इथल्या डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले आणि वापीला मोठी तपासणी करून घ्या म्हणाले. मी चार वर्षं टाळलं. मग आपल्याकडची जमीन हादरायला लागली. आधी जमिनीखालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज येतो, मग धक्का बसतो. एका दुपारी त्या आवाजासरशी अख्खी आळी बाहेर पळाली आणि मी कात्री टेबलावरून पायाशी पडेपर्यंत काजं करत बसलेली. माझी मुलगी परत आत आली आणि मला हाताला धरून ओढत बाहेर घेऊन गेली. पुढच्याच आठवड्यात तिनं मला वापीला न्यायचं ठरवलं.

चारोटीला हायवेवर गाडीची वाट बघत उभ्या होतो. ट्रकांचा नुसता गोंगाट. ती काहीतरी म्हणाली, मी पटकन उत्तर दिलं. ती हसली, "मम्मी, इथे बरं सगळं ऐकू येतं गं तुला! घरी काय नाटक करतेस?" थट्टेनंच म्हणाली बिचारी. मला मात्र पुढचा सगळा रस्ता तू हातात सूप धरून उभी दिसत होतीस.

वापीच्या डॉक्टरांनी एक दोन दात्यांचा लोखंडी काटा आपल्या गुडघ्यावर आपटून कानाजवळ धरला, काही ऐकू आलं नाही. कानामागच्या हाडावर टेकवला, तर डोक्यात घुमला. "गोंगाटात जास्त बरं ऐकू येतं का, बेन?" त्यांनी विचारलं. चोरी पकडली गेल्यासारखी मी हो म्हणाले. त्यांनी समजावून सांगितलं की कानातलं सगळ्यात छोटं हाड घट्ट बसतं, गंजलेल्या कडीसारखं. गोंगाटात बाकीचे ओरडून बोलतात आणि या आजाराच्या माणसाला तो गोंगाट फारसा जाणवतच नाही, म्हणून बोलणं समजतं. स्वतःचा आवाज मात्र हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून अशी माणसं हळू बोलतात. बाळंतपणात वाढतो म्हणे हा आजार. "घरात अजून कुणाला होता?" मी म्हटलं, माझ्या आईला. तुला आजार होता असं मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

एका कानाचं ऑपरेशन झालं, मला जागं ठेवूनच. "संभळाय छे, बेन?" ऐकू येतंय का, असं डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ट्रेमध्ये काहीतरी वाजलेलं मला ऐकू आलं. मी रडले. मुलीला वाटलं, आनंदानं.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तलासरीला आले होते. संध्याकाळची एसटी सुटायला आली होती. पिशवी उचलता उचलता मी विचारलं, "आज राहू, की जाऊन रविवारी येऊ?" तू म्हणालीस, "हो, हो." मी गेले. रविवारपर्यंत तू थांबली नाहीस. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आईनंच जा म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मापांच्या कागदांत राहील. पण एक सांगून टाकते. तू हो, हो म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं की माझा प्रश्न तुला ऐकूच आलेला नाही. पिशवी खाली ठेवून, तुझ्यासमोर बसून, ओरडून पुन्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला जायचं होतं, आणि सोयीचं तेवढंच मी ऐकून घेतलं.