तगरीवरची अळी

९ ऑगस्ट १९८५, शुक्र.
तगरीची पानं कुणीतरी फस्त केलीत. ह्यांनी लावलेली तगर. खाली काळ्या लेंड्या. शोधली तेव्हा सापडली. बोटाएवढी हिरवी अळी, मानेजवळ दोन निळे डोळे. काडीने डिवचलं तर मान खाली घालून डोळेच वटारले. दचकले. मग एकटीच हसले. घरात आपलाच आवाज कसातरी वाटला.

११ ऑग., रवि.
शेजारच्या सावंतीणबाई : "मारून टाक गो तिका! झाड खावन टाकतली."
मी नको म्हटलं. का, ते सांगता येईना.
नंदाला माहीत असेल. शाळेत जीवशास्त्र शिकवते. पण... डेनिसशी लग्न केलं तेव्हा हे म्हणाले, ह्या घरात पाऊल टाकायचं नाही. लेकीने ते पाळलं. हे गेले तेव्हासुद्धा दारातूनच नमस्कार करून परत गेली.

१३ ऑग.
सावंतीणबाईंकडून नंदाला घाटकोपरला फोन लावला.
"आई? काय झालं?" घाबरली पोर.
म्हटलं, काही नाही गं, तगरीवर अळी आहे.
मग सुटलीच, लहानपणीसारखी. तपकिरी पडली की खायचं सोडेल, खाली उतरेल. डब्यात माती आणि सुका पाला घाल, त्यात कोष करेल. "त्यातून पतंग निघतो आई, हिरवागार! तू बघच."
तू ये ना बघायला, अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात सावंतीणबाई चहा घेऊन आल्या. राहिलं.

१८ ऑग., रवि.
तपकिरी पडली. डब्यात ठेवली. पाल्याखाली दिसेनाशी झाली.

२२ ऑग.
कोष. बोट लावलं की वळवळतो. नंदाला कळवलं. "निघाला की सांग." येते म्हणाली नाही. मीही...

१ सप्टें., रवि.
निघाला! पडद्यावर बसलाय. शेवाळी हिरवा, मध्ये गुलाबी झाक. नंदा म्हणाली होती, दिवसभर हलणार नाही, तिन्हीसांजेला उडेल.
दुपारी फोन केला. डेनिसने उचलला. त्याच्याशी आजवर एक शब्द बोललेले नाही. म्हटलं, पतंग निघालाय.
"नंदा बाजारात गेलीय. आली की पाठवतो." मग म्हणाला, "आई, मी आलो तर चालेल?"
सावंतीणबाई बघत होत्या.
म्हटलं, "स्टेशनवरून रिक्षा गेटपर्यंत येते."
पोह्यांसाठी कांदे चिरून ठेवलेत. तो चहा घेतो की कॉफी, माहीत नाही.
अंधारून यायला लागलं. पतंगाचे पंख थरथरताहेत. खिडकी लावून घेतली आहे.