खडकीची पांढरी भिंत

शुक्र., ७ नोव्हें.
खडकीला गृहभेट. जुईचे मामा, कारखान्यात पाळीवर. सोबत राहणारी बहीण वारल्यावर एकट्याने पोर कशी सांभाळायची म्हणून वर्षापूर्वी स्वतःच तिला आमच्या बालगृहात आणून सोडलं. आता परत मागताहेत. पाळीच्या वेळी शेजारच्या काकू बघणार. क्वार्टर लख्ख. भिंतींना नवा पांढरा रंग. "तुम्ही येणार म्हणून, मॅडम." मी कौतुक केलं. अहवालात: घर अत्यंत स्वच्छ, प्रसन्न. संस्कृत घेऊन बी.ए. झाल्याचा फायदा, विशेषणं कमी पडत नाहीत.

रवि., ९
जुईला नेलं. चप्पल काढून सरळ दारामागच्या भिंतीपाशी. हात फिरवत राहिली. तिथे आईने दर वाढदिवसाला पेन्सिलीने उंचीची रेघ मारलेली. सगळ्या रंगाखाली.
मामा पुटपुटले, "मला वाटलं, मॅडम म्हणतील भिंत खराब आहे..."
जुई माझ्याकडे वळली, "ताई, आपण परत जाऊ या."
रिक्षा केली.

मंगळ., ११
आमच्या फॉर्मात स्वच्छतेला रकाना आहे. भिंतीवर आधी काय होतं, त्याला नाही. दुपारी टेबलावरच डोळा लागला. भिंत दुधासारखी हलत होती, तळातून रेघा एकेक वर येत होत्या, माशांसारख्या. मी हात घातला तर
"समाधी उतरली का, अहो?" शेजारच्या टेबलावरच्या सविताबाई. "बालकल्याण समितीला सोमवारी अहवाल हवाय."

गुरु., १३
मामांचा फोन. काकूंना आठवतंय म्हणे: पाचव्या वाढदिवसाची रेघ दिव्याच्या बटणांच्या पाटीखाली चार बोटं. मामा म्हणतात पाच. दोघांचं भांडण. म्हटलं, रविवारी आणते तिला.

रवि., १६
आमची पद्धत: घरच्यांना बोलू द्यायचं, आपण बाहेर. जिन्यात बसले. झाडांतून ऊन, कुठेतरी शिट्टी, मी अर्धी झोपेत. आतून:
"चार!"
"अहो काकू, पाच!"
मग बारीक आवाज, "दोघंही चूक. स्टूल आणा."
स्टूल सरकल्याचा आवाज. कितीतरी वेळ.
मी डोकावले. जुईच्या हातात पेन्सिल, गालाला चुना. "ताई, तुम्हाला आठवतं का काही? नाही ना? मग बाहेरच बसा."
बसले.

सोम., १७
'अत्यंत स्वच्छ, प्रसन्न' खोडलं. लिहिलं: दारामागे पेन्सिलीच्या रेघा आहेत, तिघांनी मिळून मारलेल्या, बहुधा चुकीच्या जागी. मुलीने घरी जावं असं मत.
समितीचा निर्णय शुक्रवारी. जुईचा वाढदिवस शनिवारी. यंदाची रेघ कुठे मारायची, सकाळपासून दोनदा विचारून झालं. तिला म्हटलं, तोवर पेन्सिलीला टोक काढून ठेव.