विरंगुळा केंद्रातली चिंच

चि. कमळीस,

थोरलीचा आशीर्वाद. बोलत्येय मी, लिहित्येय नात सानवी.

रत्नागिरीत मी मजेत आहे. गुडघ्याचं विचारू नकोस. अनिल नि सून कामावर, सानवी शाळेत गेली की घर खायला उठतं. म्हणून म्हाताऱ्यांसाठी काढलेल्या सरकारी विरंगुळा केंद्रात जात्ये. काल तू धाडलेली चिंच आम्ही बायका तिथे गप्पा मारत फोडत होतो, तर रखवालदार म्हणतो, "आजी, इथे काम करायचं नाही, विरंगुळा करायचा!" हाकललंन मेल्यानं! हात बांधून बसणं हा विरंगुळा की शिक्षा, सांग गो?

तुझी गाय व्याली का?

राजापूरच्या एसटीने आणखी चिंच धाड. आम्ही आता बाहेर पायरीवर बसतो. आत त्याचा पंखा फिरूदे एकटाच.

तुझी, अजून न दमलेली,
ताई